दुसऱ्या शस्त्रक्रियेचा धनी कोण?

खटाव-माणच्या बाजारगावांत अलीकडे गुडघे आणि खुबे तपासण्याच्या 'मोफत' शिबिरांना तोटा राहिलेला नाही. वडूजच्या रस्त्यावर दर महिना-दोन महिन्यांनी नवा फलक लागतो. शहरातून डॉक्टर येतात, सकाळपासून रांग लागते, क्ष-किरणांचे फोटो काढले जातात आणि संध्याकाळपर्यंत दहा-वीस नावे 'सांधा बदलावा लागेल' या यादीत जातात. या रांगेत उभ्या असतात त्या जन्मभर खुरपणी केलेल्या, डोक्यावरून पाणी वाहिलेल्या बायका आणि मुंबईच्या बाजारपेठेत पाठीवर पोती वाहून गावी परतलेले पुरुष. त्यांची दुखणी खरी आहेत आणि कृत्रिम सांध्याने ती बरी होतात, हेही खरे आहे. तेव्हा शिबिरांना आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्यांचा सांधा दहा-बारा वर्षांपूर्वी बदलला आणि आज निकामी होऊ लागला आहे, त्यांच्यासाठी आजवर एक तरी शिबिर भरले आहे काय?

गेल्या उन्हाळ्यात तालुक्यातील एका निवृत्त माथाडी कामगाराच्या घरी बसण्याचा प्रसंग आला. पन्नाशीत असताना त्यांचा खुबा मुंबईत बदलला होता. काही वर्षे उत्तम गेली. मग मांडीत कळा सुरू झाल्या, पाय आखूड वाटू लागला, हातात काठी आली. तज्ज्ञ डॉक्टरांनी नवा फोटो पाहून सांगितले, की वाटी सैल झाली आहे, भोवतीचे हाड झिजले आहे आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल. त्यानंतर त्यांनी साधा प्रश्न विचारला, "आत बसवलेला सांधा कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा?" घरात कोणालाच सांगता येईना. मुलीने पत्र्याची ट्रंक उघडून जुने बिल शोधून काढले. त्यावर सात ओळी होत्या. एका ओळीत 'इम्प्लांट चार्जेस' एवढे दोन शब्द आणि पुढे भली मोठी रक्कम. कंपनी नाही, क्रमांक नाही, माप नाही. मूळ रुग्णालयाकडे चौकशी केली तर उत्तर आले, 'इतक्या जुन्या फायली आम्ही ठेवत नाही.'

पोत्याच्या सुतळीचाही हिशेब ठेवणाऱ्या बाजारात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्याच शरीरात बसवलेल्या वस्तूचा हिशेब कोणाकडेही नाही! हा एका रुग्णालयाचा गलथानपणा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण हा गलथानपणा नाही. ही व्यवस्था आहे, आणि ती कोणाच्या सोयीसाठी उभी आहे हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे काय?

कृत्रिम सांधा ही यांत्रिक वस्तू आहे, ती झिजते. खुब्यात धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा वाटीत फिरतो. गुडघ्यात धातूचे दोन भाग मधल्या पॉलिइथिलीनच्या तुकड्यावर घासतात. या घर्षणातून निघणारे सूक्ष्म कण शरीरातील भक्षक पेशी गिळतात आणि त्या प्रक्रियेतून सांध्याभोवतीचे हाड हळूहळू खाल्ले जाते. सांधा सैल होतो. कधी जंतुसंसर्ग होतो, कधी खुबा निखळतो, कधी पडल्यामुळे सांध्यालगतचे हाड मोडते. अशा वेळी जुना सांधा काढून नवा बसवणे हाच पुष्कळदा उपाय उरतो.

ही दुसरी शस्त्रक्रिया पहिलीची पुनरावृत्ती नसते. घट्ट बसलेले भाग हाड न फोडता काढावे लागतात. झिजलेल्या हाडाच्या जागी हाडाचे कलम किंवा धातूचे ठोकळे भरावे लागतात आणि लांब दांड्याचे विशेष सांधे वापरावे लागतात. जंतुसंसर्ग असेल तर बहुधा दोन टप्पे करावे लागतात. प्रथम सांधा काढून त्या जागी प्रतिजैविक मिसळलेल्या हाडांच्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवायचा आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी नवा सांधा बसवायचा. रुग्णाचे वय वाढलेले असते, रक्तस्राव अधिक होतो, धोका अधिक असतो, खर्चही अधिक. अशा वेळी जुन्या सांध्याची माहिती हाताशी असेल तर झिजलेला एखादाच भाग त्याच मापाचा बदलून भागू शकते. माहिती नसेल तर चांगला घट्ट बसलेला भागही उपटून काढण्याची पाळी येते. म्हणजे एका कागदाच्या अभावाची किंमत रुग्णाला स्वतःच्या हाडाने चुकवावी लागते.

चार्नली यांचा धडा

आधुनिक खुबारोपणाचे जनक मानले जाणारे इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांचा इतिहास या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन वापरले. प्रारंभी रुग्ण आनंदाने चालू लागले. पण दोन-तीन वर्षांतच टेफ्लॉन झिजून गेले आणि सुमारे ३०० खुबे निकामी ठरले. चार्नली यांनी अपयशाची जबाबदारी रुग्णांवर वा नशिबावर ढकलली नाही. ते रुग्ण पुन्हा तपासले, बिघडलेले सांधे स्वतः काढले आणि टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन त्यांची प्रतिक्रिया पाहिली. १९६२ मध्ये पॉलिइथिलीनची वाटी हाती आल्यावरही त्यांनी ती लगेच बाजारात सोडली नाही. आपल्याकडे शिकून गेलेल्या शल्यविशारदांनाच सांधा मिळावा असा आग्रह त्यांनी कित्येक वर्षे धरला. रुग्णाच्या मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी परत मिळावा, अशी परवानगीही ते रुग्णांकडून घेत.

हे काम एका सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेच्या रुग्णालयात झाले, ही गोष्ट योगायोगाची नाही. ज्या व्यवस्थेला रुग्ण आयुष्यभर सांभाळायचा असतो, तिला आपल्या चुका मोजाव्याच लागतात. ज्या व्यवस्थेला सांधा एकदाच विकायचा असतो, तिला मोजदाद अडचणीची ठरते. स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ मध्ये आणि खुब्यांची १९७९ मध्ये सुरू केली. ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये, इंग्लंड व वेल्सने २००३ मध्ये तेच केले. कोणता सांधा, कोणत्या रुग्णात, किती वर्षे टिकला आणि का काढावा लागला, याची ही खतावणी. सावकाराच्या खतावणीने गावे बुडवली. या खतावणीने लाखोंचे पाय वाचवले.

४,७०० खुबे आणि हरवलेली माणसे

खतावणी असली आणि नसली म्हणजे काय होते, याचा पुरावा याच देशात नोंदलेला आहे. अमेरिकेतील जॉन्सन अँड जॉन्सन या बलाढ्य कंपनीची डेप्यू ही उपकंपनी. तिच्या 'एएसआर' नावाच्या खुब्यात गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची होती. वाटी नेहमीपेक्षा उथळ असल्याने कडेवर घर्षण वाढे. कोबाल्ट व क्रोमियमचे कण रक्तात व सांध्याभोवतीच्या मांसात साठत. मांस सडे, गाठी होत, हाड खचे. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीने २००७ मध्येच धोक्याची सूचना दिली होती. २००९ मध्ये तिथल्या बाजारातून हा खुबा मागे घेण्यात आला. इंग्लंडच्या नोंदवहीत पाच वर्षांच्या आत १२ ते १३ टक्के रुग्णांत तो बदलावा लागल्याचे दिसले, तेव्हा कुठे २४ ऑगस्ट २०१० रोजी कंपनीने तो जगभरातून परत बोलावला. तोपर्यंत तो सुमारे ९३,००० माणसांच्या शरीरात बसवला गेला होता.

भारतात त्याच्या आयातीला २००६ मध्ये परवाना मिळाला होता. इथे सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या. पण 'परत बोलावणे' म्हणजे काय? गोदामातील माल परत जातो. माणसाच्या मांडीतील माल परत जाण्यासाठी आधी तो माणूस सापडावा लागतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये डॉ. अरुण अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. २०१८ मध्ये तिचा अहवाल आला तेव्हा उघड झाले की मदतकक्षाकडे हजाराच्या आसपासच रुग्णांची नोंद आहे. साडेतीन हजारांहून अधिक माणसांचा ठावठिकाणा ना कंपनीला ठाऊक, ना रुग्णालयांना, ना सरकारला! त्यांतील कित्येक आजही 'वयामुळे दुखते' असे समजून कळा सोसत असतील, हे मनात आणून पाहा.

महाराष्ट्रापुरते एक नमूद केले पाहिजे. महेश झगडे आयुक्त असताना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणी कंपनीविरुद्ध पोलिसांत फिर्याद दाखल केली आणि केंद्राकडे पाठपुरावा केला. सरकारी अधिकाऱ्याला मनापासून काम करायचे असेल तर कायद्याच्या तोकड्या चौकटीतही वाट काढता येते, याचे हे उदाहरण. परंतु केंद्रीय औषध नियंत्रकांनी आयातीचा परवाना २०१२ मध्ये रद्द केला आणि देशभर सावधगिरीची सूचना काढली ती २०१३ च्या डिसेंबरात, म्हणजे खुबा जगभरातून परत बोलावल्यानंतर तीन वर्षांनी. या तीन वर्षांचा जाब कोणी कोणाला विचारला?

आता भरपाईचा हिशेब पाहू. अमेरिकेतील सुमारे ८,००० रुग्णांसाठी कंपनीने २०१३ मध्ये सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली. एका रुग्णामागे मूळ भरपाई अडीच लाख डॉलरच्या आसपास. भारतात अग्रवाल समितीने किमान २० लाख रुपयांची शिफारस केली. पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्राने अपंगत्व व वय यांचा विचार करून ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचे सूत्र मान्य केले. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मे २०१९ मध्ये तिने पडताळणी झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याची तयारी दाखवली. त्या वेळच्या विनिमयदराने ही रक्कम सुमारे ३६,००० डॉलर होते. तोच खुबा, तेच कोबाल्ट, तीच वेदना. पण भारतीय माणसाच्या मांडीची किंमत अमेरिकी माणसाच्या मांडीच्या एक-सप्तमांश! आणि ४,७०० शस्त्रक्रियांपैकी ६७ माणसे! बाकीच्यांचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. ज्याच्याजवळ कागद नाही, तो कायद्याच्या दृष्टीने पीडितच नाही.

तीन वर्षांचा नियम, पंधरा वर्षांचा सांधा

इथे आपण प्रश्नाच्या मुळाशी येतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार डॉक्टरने आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावीत आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यावीत. न्यूमोनिया वा हर्निया यांच्यासाठी तीन वर्षे कदाचित पुरेशी असतील. पण सांधा तीन वर्षांसाठी बसवला जात नाही. तो दहा, पंधरा, वीस वर्षांनी बिघडतो. म्हणजे वस्तू बिघडण्याच्या कितीतरी आधी तिचा पुरावा नष्ट करण्याची मुभा मिळते! शेतजमिनीचा फेरफार पिढ्यानुपिढ्या जपणारे राज्य माणसाच्या हाडातील फेरफार तीन वर्षांत विसरते. याहून मोठी सोय नफेखोराला आणखी कोणती हवी?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूबद्दल उत्पादकाला जबाबदार धरणारे स्वतंत्र प्रकरण आले, ही चांगली गोष्ट आहे. १ जानेवारी २०१८ पासून वैद्यकीय उपकरणांचे नवे नियम लागू झाले, हीही चांगलीच गोष्ट. परंतु उत्पादकाला जबाबदार धरण्यासाठी आधी उत्पादक कोण हे सिद्ध करावे लागते. उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद घेणारी केंद्रीय योजना २०१५ मध्ये सुरू झाली. पण रुग्णालयांनी त्यात माहिती देणे त्यांच्या इच्छेवर राहिले. सांधेरोपण करणाऱ्या शल्यविशारदांच्या संघटनेने स्वतःची नोंदवही चालवली आहे, त्याबद्दल त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. पण तीही ऐच्छिक. ज्याचे निकाल चांगले, तो आनंदाने लिहील. ज्याचे वाईट, तो कशाला लिहील? ऐच्छिक हिशेब म्हणजे सावकाराला स्वतःच्या व्याजाची चौकशी करायला बसवणे होय.

किंमत कोणी ठरवायची?

१६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा आधी सरासरी १,५८,३२४ रुपयांना विकला जात होता. त्याची मर्यादा ५४,७२० रुपये झाली. पुनर्शस्त्रक्रियेसाठी लागणारा सांधा २,७६,८६९ रुपयांवरून १,१३,९५० रुपयांवर आला. हे दर करांखेरीज होते. रुग्णांचे वर्षाला १,५०० कोटी रुपये वाचतील, असा अंदाज सरकारनेच जाहीर केला. याचा सरळ अर्थ असा, की आदल्या दिवसापर्यंत वर्षाला तेवढे १,५०० कोटी दुखणाऱ्या गुडघ्यांतून उपसले जात होते. किमती उतरल्या म्हणून गुडघे बदलणे काही थांबले नाही. मग आधीची किंमत कोणत्या 'तंत्रज्ञाना'ची होती?

परंतु हा विजय अपुरा आहे. त्या आदेशात गुडघा होता, खुबा नव्हता. मर्यादा सांध्याच्या किमतीवर होती; शस्त्रक्रियागृह, खोली, शल्यविशारदाचे शुल्क यांवर नव्हती, त्यामुळे एका रकान्यात घटलेला आकडा दुसऱ्या रकान्यात वाढवण्याची वाट मोकळी राहिली. त्याच आदेशाने मात्र एक शस्त्र आपल्या हाती दिले आहे. सांध्याची किंमत, कंपनी, बॅच क्रमांक हे सारे बिलात स्वतंत्रपणे लिहिणे रुग्णालयावर बंधनकारक केले गेले. ट्रंकेतील ते 'इम्प्लांट चार्जेस' यापुढे कोणीही मुकाट्याने स्वीकारता कामा नये.

दोन आक्षेप

काही मंडळी म्हणतील, असे लेख लिहून तुम्ही लोकांना घाबरवता. म्हातारी माणसे शस्त्रक्रिया टाळतील आणि अंथरुणाला खिळतील. आक्षेप प्रामाणिक असेल तर त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. सांधेरोपण ही विसाव्या शतकातील अत्यंत उपकारक शस्त्रक्रियांपैकी एक आहे. २०१९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार संपूर्ण गुडघारोपणांपैकी सुमारे ८२ टक्के आणि खुबारोपणांपैकी सुमारे ५८ टक्के सांधे २५ वर्षे टिकल्याचे आढळले. ज्याला गरज आहे त्याने ही शस्त्रक्रिया अवश्य करून घ्यावी. पण हे आकडे आले कोठून? ते ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड यांच्या राष्ट्रीय नोंदवह्यांतून आले. आपल्या माणसाला धीर द्यायचा तरी तो परदेशी आकड्यांवरच द्यावा लागतो! बरे, आपला माणूस मांडी घालून बसतो, उकिडवा बसतो, पन्नाशीच्या आत खुबा बदलल्यावरही बांधावरून चालतो. त्याच्या शरीरात तोच सांधा किती टिकतो, याचे उत्तर फिनलंडचा आकडा कसा देणार? भीती माहितीने निर्माण होत नाही. माहिती दडवल्याने होते.

दुसरा आक्षेप अर्थकारणाचा. 'ज्या राज्यात ग्रामीण रुग्णालयाला पुरेसे डॉक्टर मिळत नाहीत, तिथे नोंदवह्या आणि पुनर्शस्त्रक्रिया यांचे लाड कशाला?' हा युक्तिवाद गरिबांच्या नावाने केला जातो, म्हणून तो अधिक धोक्याचा आहे. नोंद करायला लागते काय? सांध्याच्या वेष्टनावर क्रमांकाच्या चिकटपट्ट्या असतातच. त्यांतील एक केसपेपरवर, एक रुग्णाच्या कार्डावर आणि तिसरी जिल्ह्याच्या वहीत चिकटवायची, एवढेच काम. प्रत्येक सांध्यामागे कंपनीकडून थोडी रक्कम घेतली तरी वहीचा खर्च निघेल. उलट वाईट सांधा वेळीच ओळखला गेला तर जितक्या दुसऱ्या शस्त्रक्रिया टळतील, तितका सरकारी योजनांचाच पैसा वाचेल. महागडी आहे ती नोंद नव्हे; महाग पडते ते अज्ञान, आणि त्याचे बिल नेहमी गरिबाच्या नावावर फाडले जाते.

संमतिपत्राची ढालही पुढे केली जाईल. 'रुग्णाने सही केली होती!' कळांनी जेरीला आलेल्या, उद्या शस्त्रक्रिया आहे म्हणून रात्री उपाशी ठेवलेल्या माणसाने न वाचता केलेली ती सही. संमती शस्त्रक्रियेच्या धोक्यांना असते. कंपनीला ठाऊक असलेल्या आणि रुग्णापासून दडवलेल्या दोषाला कोणी संमती देऊ शकत नाही.

आपण काय मागायचे आणि काय करायचे

मागण्या मोजक्या आहेत. एक : शरीरात कायमची बसवलेली प्रत्येक वस्तू राज्याच्या नोंदवहीत सक्तीने नोंदवली जावी; नोंद नाही तर ना शासकीय योजनेचे पैसे, ना रुग्णालयाची नोंदणी. दोन : अशा रुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे नव्हे तर रुग्ण हयात असेपर्यंत जपली जावीत. तीन : खुब्याच्या सांध्यांनाही कमाल किमतीची मर्यादा लागू व्हावी. चार : सांधा वस्तूच्या दोषाने बिघडला असेल तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा संपूर्ण खर्च आणि बुडालेली मजुरी कंपनीने द्यावी, कारण काहीही असले तरी गरीब रुग्णाला ही शस्त्रक्रिया विनामूल्य मिळावी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. त्या पाच लाखांच्या घोषणेचा अर्थ या रुग्णांना कळला पाहिजे. पाच : मिरजेचे १९६२ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि साताऱ्याचे नवे महाविद्यालय येथे पुनर्शस्त्रक्रियेची स्वतंत्र, सुसज्ज सोय व्हावी. सातारा-सांगलीच्या शेतमजुराने त्यासाठी मुंबई-पुण्याच्या खासगी रुग्णालयांच्या पायऱ्या का झिजवाव्यात?

मागण्या कायदेमंडळासाठी असतात. काम आपल्यासाठी असते. प्रत्येक शाखेने आपल्या गावातील सांधा बदललेल्या माणसांची यादी करावी. ज्यांची शस्त्रक्रिया तीन वर्षांच्या आतली आहे, त्यांच्याकडून कागदपत्रांसाठी लेखी अर्ज आजच करून घ्यावा. ७२ तासांचा नियम अर्जात लिहावा आणि पोच घ्यावी. जुन्या रुग्णांचे फोटो, बिले, डिस्चार्ज कार्डे यांच्या प्रती काढून जपाव्यात. २००६ ते २०१० या काळात ज्यांचा खुबा बदलला, त्यांची विशेष चौकशी करावी, कारण हरवलेल्या साडेतीन हजारांपैकी एखादा आपल्याच गावात असू शकेल. निर्धन रुग्णाला दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी धर्मादाय रुग्णालयात घेऊन जावे आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली राखलेल्या १० टक्के निर्धनांच्या आणि १० टक्के दुर्बल घटकांच्या खाटांबद्दल ठामपणे विचारावे. प्रत्येक बिलातील दोन टक्के रक्कम ज्या निर्धन रुग्ण निधीत जमा व्हायची असते, त्याचाही हिशेब मागावा. ही भीक नव्हे. करसवलती आणि सरकारी जमिनी घेतलेल्या संस्थांवरचे ते देणे आहे.

या कामात गाजावाजा नाही. मोर्चाची छायाचित्रे छापून येतात, वहीची येत नाहीत. पण वडूजच्या माणसाला कचेरीकडे चालत जाणे नवे नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी याच गावाच्या कचेरीकडे निघालेल्या निःशस्त्र लोकांवर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण धारातीर्थी पडले. त्या बलिदानाशी कशाचीही तुलना करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मात्र ज्या स्वराज्यासाठी ती माणसे चालत गेली, त्या स्वराज्यात एका हमालाला आपल्या मांडीत काय बसवले आहे एवढेही विचारण्याची सोय नसावी, ही त्यांच्या वारसांना लाज आणणारी गोष्ट आहे.

तो निवृत्त माथाडी अजून काठीवर चालतो. शस्त्रक्रियेचा दिवस ठरलेला नाही, कारण पैशांची जुळणी झालेली नाही आणि सांध्याचे नाव सापडलेले नाही. पहिल्या शस्त्रक्रियेला धनी पुष्कळ होते. कंपनी होती, वितरक होता, रुग्णालय होते. प्रत्येकाने आपला वाटा उचलला. दुसरीच्या वेळी तो, त्याची मुलगी आणि ती पत्र्याची ट्रंक एवढेच उरले आहेत. साथींनो, चौथे कोणीतरी तिथे जाऊन बसले पाहिजे. ते आपण असू.